तेलाच्या बळावर चालणारा बाग-ट्रॅक्टर

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. त्यांचे चिरंजीव काही वर्षांपासून अमेरिकेत ओहायो राज्यात असतात. शहरापासून दूर, सुमारे २ एकर मोकळ्या जागेसह, त्यांनी एक जुने घर विकत घेतले. घराचे पूर्वीचे मालक वृद्ध गृहस्थ होते. पत्नीच्या निधनानंतर ते मुलीकडे राहावयास गेले आणि जाताना परसातील छपराखाली उभा असलेला आपला जुना बाग-ट्रॅक्टर नव्या मालकास तसाच देऊन गेले. ट्रॅक्टरच्या शेजारी खिळ्याला एक वही टांगलेली होती. तेल केव्हा बदलले, गाळणी केव्हा बदलली, पाती केव्हा पाजळली याच्या नोंदी त्यांत पेन्सिलीने केलेल्या होत्या.

दोन वर्षे हा ट्रॅक्टर उत्तम चालला. या उन्हाळ्यात एके दिवशी चिरंजीव घरामागील उतारावरचे गवत कापीत चढण चढत असता 'खट्' असा आवाज झाला, इंजिन एकाएकी भरधाव फिरू लागले आणि ट्रॅक्टर थांबून मागे घसरू लागला. घाबरून त्यांनी वेगाची तरफ मधल्या जागी आणली, तेव्हा तो थांबला. मागे दहा-पंधरा हातांवर ओढा होता. गावातील दुरुस्तीच्या दुकानाने वर्णन ऐकूनच निदान केले, 'हायड्रो गेला.' तो नवा बसविण्याचा खर्च सांगितला, तो त्या जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीपेक्षा अधिक होता. सूनबाईंचे म्हणणे असे की, हे यंत्र पुन्हा सुरूच करू नये. आईने विचारले आहे: ट्रॅक्टर भंगारात घालावा काय? आणि दुरुस्त झालाच, तर मुलाने त्यावर पुन्हा बसणे धोक्याचे नाही ना?

दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. तथापि त्याचे उत्तर पहिल्याच्या पोटात दडलेले असल्यामुळे क्रमाने जाऊ.

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की नांगर ओढणारे मोठे यंत्र डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील बाग-ट्रॅक्टर हे त्याचे धाकटे भावंड. दहा ते वीस अश्वशक्तीचे इंजिन, पोटाखाली गवत कापणारी पाती, हिवाळ्यात पुढे बर्फ लोटण्याचे फाळके. तिकडे पुष्कळ गावांतून अंगणातील गवत ठराविक उंचीपलीकडे वाढू दिल्यास घरमालकाला दंड होतो. म्हणून दोन-चार एकरांच्या धन्याला हे यंत्र चैनीचे नसून गरजेचे असते. या ट्रॅक्टरांचा एका परीने आपल्याशीही संबंध आहे. ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर महिंद्र कंपनीने १९६३ साली ट्रॅक्टर बनविण्यासाठी भागीदारी केली, त्याच कंपनीने १९६५ साली अमेरिकेत 'कब कॅडेट १२३' हा १२ अश्वशक्तीचा बाग-ट्रॅक्टर काढला आणि त्यात इलिनॉय राज्यातील रॉकफर्डच्या सनस्ट्रँड कंपनीची हायड्रोस्टॅटिक चालना बसविली. व्हील हॉर्स, जॉन डिअर यांचेही असे नमुने त्याच दशकात आले. त्या पिढीतील यंत्रे इतकी दणकट होती की, त्यांपैकी पुष्कळ आजही कामावर आहेत. इंदूरच्या भगिनींच्या मुलाचा ट्रॅक्टर कोणत्या कारखान्याचा, याला येथे महत्त्व नाही. घराणे एकच आहे.

हायड्रोस्टॅटिक चालना म्हणजे काय, हे समजल्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही. साध्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची गती दातेरी चाकांच्या जोड्यांतून मागच्या चाकांपर्यंत जाते. येथे ती तेलातून जाते. इंजिनाचा दांडा एक पंप फिरवितो. पंपाच्या पोटात गोलाकार मांडलेले दट्टे असतात आणि त्यांची टोके एका तबकडीवर टेकलेली असतात. तबकडी सरळ उभी असली, तर दट्टे नुसतेच गोल फिरतात, आत-बाहेर होत नाहीत. तेल हलत नाही व ट्रॅक्टर जागच्या जागी राहतो. तरफ पुढे करताच तबकडी किंचित तिरपी होते, दट्टे आत-बाहेर होऊ लागतात आणि तेल दाबाने ढकलले जाते. हे तेल शेजारच्या तशाच दुसऱ्या यंत्रात, म्हणजे तेल-मोटारीत शिरून तिला फिरविते, आणि ती मोटार चाकांना फिरविते. तबकडी जितकी तिरपी तितका वेग अधिक; उलट बाजूस कलली की ट्रॅक्टर मागे. क्लच दाबणे नाही, गियर बदलणे नाही. कल्पना जुनीच आहे. १९०६ साली अमेरिकी नौदलाच्या 'व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर तोफा फिरविण्यासाठी अशीच योजना केली होती. तोफेला हळू, अचूक आणि धक्क्यावाचून वळावे लागते, तसेच फुलझाडांच्या वाफ्याभोवती फिरणाऱ्या ट्रॅक्टरलाही!

पंप व मोटार यांच्यामध्ये तेल बंदिस्त वर्तुळात फिरत असते आणि त्याचा दाब चढणीवर चौरस इंचाला हजार पौंडांच्याही वर जातो. दट्टे आणि त्यांची घरे यांमधील फट केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते, तरी तीतून थोडे तेल नेहमीच निसटते. ही तूट भरून काढण्यासाठी एक लहान पूरक पंप असतो. तो टाकीतील तेल गाळणीतून ओढून दोन एकमार्गी झडपांच्या वाटे वर्तुळात सोडतो. एक झडप पुढे जाण्याच्या बाजूची, दुसरी मागे जाण्याच्या बाजूची. शिवाय इंजिन बंद असता ट्रॅक्टर ढकलून नेता यावा म्हणून बहुतेक नमुन्यांत एक मोकळीकीची झडप असते. ती उघडली की तेल पंपाला वळसा घालून फिरते आणि चाके सुटी होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हीच चालना उतारावर ट्रॅक्टरचा लगामही असते. चाके मोटारीला फिरवू पाहतात, पण तेलाला पंपाच्या परवानगीवाचून जाता येत नाही. म्हणून ट्रॅक्टर घसरत नाही. चालना गेली की चाल आणि लगाम दोन्ही एकदम जातात. वेगळा ब्रेक असतो खरा. परंतु रोजच्या वापरात त्याची गरज न पडल्यामुळे तो वर्षानुवर्षे तपासला जात नाही, आणि नेमका त्या दिवशी लागत नाही. सूनबाईंची भीती मुळीच वावगी नव्हती.

आता निदान. 'हायड्रो गेला' असे म्हणणे सोपे असते, याचे कारण ती पेटी बंद असते. जे दिसत नाही त्याच्यावर दोष ढकलण्याची सवय वैद्यांप्रमाणे यंत्रज्ञांतही आढळते. वस्तुतः पंप व मोटार हे या यंत्रातील सर्वांत टिकाऊ भाग आहेत. तेल स्वच्छ राहिले तर ते मालकापेक्षाही अधिक जगतात. बिघाड बहुधा त्यांच्या अलीकडे असतो, किंवा पलीकडे. म्हणून विचारावयाचा पहिला प्रश्न असा: इंजिनाची गती पंपापर्यंत पोचते काय? आणि दुसरा: मोटारीची गती चाकांपर्यंत पोचते काय? या दोहोंचे उत्तर 'होय' आल्यावरच पेटीकडे पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास हत्यार लागत नाही. सपाट जागी, इंजिन बंद, तरफ मधल्या जागी, मोकळीकीची झडप बंद आणि ब्रेक सोडलेला अशा स्थितीत ट्रॅक्टर ढकलून पाहावा. तो अडून राहिला, तर चाकांपासून मोटारीपर्यंतची साखळी शाबूत आहे आणि वर्तुळात तेलही आहे. तो हातगाडीसारखा सहज चालू लागला, तर मोकळीकीची झडप उघडी किंवा गंजून अडकलेली आहे, किंवा तेल संपले आहे, किंवा मोटार व चाक यांमधील दुवा तुटला आहे. काही नमुन्यांत चाकाची तुंबी आसावर लोखंडाच्या एका लहानशा चावीने घट्ट केलेली असते. ती चावी कापली गेली की आस आत फिरतो आणि चाक स्वस्थ बसते. नाण्याएवढ्या लोखंडाच्या तुकड्यापायी सबंध चालना बदलली गेल्याची उदाहरणे या धंद्यात अपूर्वाईची नाहीत.

पुष्कळ लोक मागची चाके उचलून पाहतात. हे करावे, पण त्यावर भिस्त ठेवू नये. हवेत लटकणाऱ्या चाकावर भार नसतो. झिजून मरणपंथाला लागलेली चालनासुद्धा ते चाक झोकात फिरवील आणि जमिनीवर उतरताच मान टाकील. उचलायचेच तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून, आणि नुसत्या जॅकवर नव्हे तर पक्क्या लोखंडी टेकूंवर उचलावे.

पहिल्या प्रश्नासाठी आसनाखालचे झाकण काढून पाहावे लागते. प्रथम स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी. हलक्या, अलीकडच्या यंत्रांत इंजिनापासून चालनेपर्यंत रबरी पट्टा असतो. तो सैल झाला, झिजला किंवा त्याला ताणणारी स्प्रिंग निघाली की चढणीवर रबर जळाल्याचा वास येतो आणि वेग मंदावतो. जुन्या दणकट यंत्रांत पट्ट्याऐवजी सरळ पोलादी दांडा असतो. त्याच्या टोकाशी कापडाचे थर घातलेल्या रबरी चकत्यांचे कपलिंग असते आणि ते पोलादी पिनांनी अडकविलेले असते. चकत्या जीर्ण झाल्या की इंजिन मंद असताना खडखड ऐकू येते. वेग वाढविला की ती लपते. ही खडखड कित्येक आठवडे आधी सूचना देत असते. पंपाच्या दांड्यावर बहुधा चालना थंड ठेवणारा एक पंखा असतो. तो हाताने फिरवून पाहावा. इंजिन जागचे न हलता पंखा एकटाच फिरला, तर पिन तुटली आहे हे उघड झाले.

याच झाकणाखाली थंड प्रदेशात दुसराही एक चमत्कार दिसतो. हिवाळ्यात उंदीर ऊब शोधीत चालनेच्या पेटीवर गवताचे घरटे करतात. पेटीच्या बाहेरील पंखासारख्या पट्ट्या गवताने बुजल्या की उष्णता बाहेर पडत नाही आणि उन्हाळ्यात तेल तापून पातळ होते. काही यंत्रांचा सारा आजार एक बादलीभर कचरा काढल्याने बरा होतो.

आता पेटीच्या आतील दुखण्याकडे वळू. ते ओळखण्यासाठी मालकाची स्मरणशक्ती ही मापकाहून अधिक उपयोगी पडते. सकाळी ट्रॅक्टर नीट चालतो, अर्ध्या तासाने मंदावतो, चढणीवर उभा राहतो, तासभर विश्रांती दिली की पुन्हा चालतो, असे असेल तर दोष तापण्याशी निगडित आहे. तेल तापून पातळ झाले की आतील फटींतून अधिक निसटते. फटी झिजून रुंद झाल्या असतील, तर पूरक पंपाला ती तूट भरून काढता येत नाही. येथे पहिला संशय तेलावर घ्यावा, झिजेवर नव्हे. कोणते तेल घालावे याविषयी या यंत्रांत एकवाक्यता नाही. काही नमुन्यांना मोटारीच्या इंजिनाचेच तेल सांगितलेले आहे, काहींना स्वयंचलित गियरपेटीचे, तर कब कॅडेटला इंटरनॅशनलचे हाय-ट्रान नावाचे खास तेल. शेजाऱ्याने सांगितले म्हणून घालावयाचे नाही; यंत्राची पुस्तिका पाहावयाची. कब कॅडेटच्या मागील पेटीत ७ क्वार्ट, म्हणजे साडेसहा लिटरांहून थोडे अधिक तेल बसते आणि तेच तेल डिफरन्शियललाही पुरते. म्हणून एका ठिकाणची गळती दोघांनाही भोवते.

याच्या उलट, थंड असताना हलतच नाही, थोड्या वेळाने चालू लागतो आणि आत किणकिण-घुणघुण ऐकू येते, असे असेल तर पंपाला तेल ओढण्यास कष्ट होत आहेत. गाळणी तुंबली असेल, तेल कमी असेल, किंवा ओढण्याच्या नळीतून हवा शिरत असेल. तेलकाडीवर तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर त्यांत पाणी मिसळले आहे. खात्री करावयाची असल्यास गरम लोखंडी पत्र्यावर एक थेंब टाकावा. तडतडला तर पाणी. (स्वयंपाकाचा तवा मात्र या कामी घेऊ नये. गृहिणीचा रोष कोणत्याही दुरुस्तीने निघत नाही.) ओहायोसारख्या प्रदेशात हे पाणी हिवाळ्यात तळाशी गोठून तेलाची वाट अडवू शकते. तेल व गाळणी बदलणे हा यातील सर्वांत स्वस्त उपाय. केवळ तेवढ्याने बरे झालेले ट्रॅक्टर इतके असतील की, याआधी पेटी उघडणे म्हणजे ताप न मोजता शस्त्रक्रिया करणे होय.

ट्रॅक्टर पुढे जात नाही पण मागे उत्तम जातो, किंवा याच्या उलट, हे लक्षण तर मोठे बोलके आहे. पूरक पंप, गाळणी, तेल, पट्टा, पिन, चाकाची चावी हे सर्व दोन्ही दिशांना समाईक आहेत. त्यांपैकी काही बिघडले असते, तर दोन्ही दिशा बंद पडल्या असत्या. म्हणून दोष त्या दिशेच्या एकमार्गी झडपेत किंवा तरफेच्या जोडणीत असला पाहिजे. पुष्कळ नमुन्यांत दोन्ही झडपा सारख्याच असतात आणि बाहेरून काढता येतात. इंजिन बंद करून, यंत्र थंड होऊ देऊन, आजूबाजूची माती पुसून त्यांची अदलाबदल करावी. आता ट्रॅक्टर पुढे जाऊ लागला आणि मागे जाईनासा झाला, तर चोर सापडला. झडप बहुधा धुऊन स्वच्छ केल्यानेही सुधारते. तिच्या बैठकीवर वाळूचा एक कण पुरतो.

मधल्या जागी तरफ असूनही ट्रॅक्टर सरपटत राहणे, किंवा हिसके देत निघणे, हा दोष पेटीचा नसून जोडणीचा असतो. तरफेचे टोक ज्या खाचेत बसते, ती वर्षानुवर्षांच्या घासण्याने रुंद होते; मग तबकडी कधीच नेमकी सरळ उभी राहत नाही. खाच वेल्डिंगने भरून पुन्हा कोरावी लागते. काम किचकट आहे, खर्चाचे नाही.

इतके सर्व पाहून झाल्यावरही चालना तापल्यावर दुबळीच राहिली, तर जाणकाराकडून पूरक पंपाचा दाब मापकाने मोजून घ्यावा. दाब योग्य असून ट्रॅक्टर भार ओढीत नसेल, तर मात्र दट्टे आणि तबकड्या झिजल्या आहेत हे मान्य करावे. दाबाखालील गळती हाताने चाचपून कधीही शोधू नये. सुईच्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम बाहेरून क्षुल्लक दिसली तरी बोट गमावण्याची पाळी आणते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावे.

आता इंदूरच्या पत्राकडे. त्यातील एका तपशिलाने मला विचारात पाडले होते. ट्रॅक्टर मागे घसरू लागला, आणि तरफ मधल्या जागी आणताच थांबला. तेल संपले असते, मोकळीकीची झडप उघडली असती, किंवा चाकाची चावी तुटली असती, तर तरफेने काहीच साधले नसते. ट्रॅक्टर थेट ओढ्यात गेला असता. तो थांबला, याचा अर्थ चाकांपासून पंपापर्यंत तेलाची पकड शाबूत होती. तरफ पुढे असताना तबकडी तिरपी होती. घसरणाऱ्या चाकांनी मोटार उलटी फिरविली, मोटारीने तेल पंपात ढकलले आणि पंप निमूटपणे उलटा फिरला. इंजिनाशी त्याची सांगड असती, तर इंजिनाने त्याला असे फिरू दिले नसते. तबकडी सरळ होताच तेलाला वाट उरली नाही आणि चाके अडली. 'खट्' असा आवाज आणि भार सुटल्यागत भरधाव झालेले इंजिन यांचाही मेळ याच्याशीच बसत होता. पंप आणि मोटार निर्दोष होत्या. इंजिन आणि पंप यांच्यामध्ये काहीतरी तुटले होते.

मी चिरंजिवांना दोन गोष्टी करावयास कळविले. इंजिन बंद ठेवून सपाट जागी ट्रॅक्टर तरफ मधे असता ढकलून पाहावा, मग तरफ पुढे करून ढकलावा आणि त्या वेळी झाकण काढून दुसऱ्या कोणास पंख्याकडे पाहावयास सांगावे. दुसरे, वहीत खडखडीविषयी काही नोंद सापडते काय ते पाहावे.

उत्तर आठवड्यात आले. तरफ मधे असता ट्रॅक्टर दोघांनाही हलला नाही. तरफ पुढे करून ढकलला, तर जडपणे चालू लागला आणि पंखा फिरू लागला. इंजिन मात्र जागचे हलले नाही. पंख्याकडे पाहण्याचे काम सूनबाईंनी केले. कपलिंगची पिन दोन तुकडे होऊन पडली होती आणि रबरी चकत्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. वहीतही अनेक वर्षांपूर्वीची एक नोंद निघाली: 'मागचे कपलिंग, नवी पिन.' तेलाची शेवटची नोंद मात्र बरीच जुनी होती. वृद्ध गृहस्थांचे हात त्या सुमारास थकले असावेत.

पिन आणि चकत्या काही डॉलरांत आल्या. दांड्याचे छिद्र किंचित लांबट झाले होते, ते पिनेच्या मापाने नीट करून घ्यावे लागले; नाहीतर नवी पिनही वर्षभरात तुटली असती. तेल आणि गाळणी बदलली. ब्रेक तपासला तेव्हा तो नावापुरताच राहिला होता असे दिसले. त्याचे अस्तर नवे बसविले आणि सपाट जागी, मग हलक्या उतारावर, त्याची परीक्षा घेतली.

तेव्हा भगिनींनी मुलाला असे कळवावे. ट्रॅक्टर भंगारात घालू नये. त्यावर बसण्यास हरकत नाही, परंतु ओढ्याकाठचा पट्टा सोडून. चालना निर्दोष असली तरी ओले गवत, तीव्र उतार आणि मागे पाणी यांचा संगम कोणत्याही ट्रॅक्टरला मानवणारा नाही. तेवढे गवत हाताने ढकलावयाच्या यंत्राने कापावे. सूनबाईंनी हीच अट आधीच घातली असल्याचे कळते. पुन्हा कधी चढणीवर असे घडलेच, तर ब्रेक प्रथम आणि तरफ नंतर. तरफेने एकदा वाचविले, पण तूट भरून काढणारा पंप त्या वेळी फिरत नसतो. तेल हळूहळू निसटते आणि पकड सुटते.

तरफ मधे असता ट्रॅक्टर अजून थोडा सरपटतो, असे चिरंजीव लिहितात. खाच झिजली आहे. ते काम नोव्हेंबरात, गवताचा हंगाम संपल्यावर आणि बर्फाचे फाळके बसविण्यापूर्वी करावे.